सुया, बर्च आणि माझं नाक

अ‍ॅक्युपंक्चरनं, म्हणजे अंगात बारीक सुया टोचायच्या चिनी उपचारानं, परागकणांची अ‍ॅलर्जी जाते का, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाचं लिहूनच टाकते. जात नाही. थोडी कमी होते, तीही सुया चालू असतील तोवर. एवढंच उत्तर हवं होतं त्यांनी इथं थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी पुढचं सगळं, कारण ही ‘थोडी’ म्हणजे किती आणि ती कुणी, कशी मोजली, यातच खरी गंमत आहे.

मी सोलापूरची. बर्लिनमध्ये एका किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, शिकवते. सोलापुरात उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावरची धूळ भाकरीवर, आणि तरी तिथं मला कधी सर्दीशिवाय शिंक आलेली आठवत नाही. इथं आल्यावरही पहिले काही वसंत मजेत गेले. झाडांना पालवी फुटली की सगळे जर्मन सहकारी डोळे चोळायला लागायचे आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, काय ही नाजूक माणसं! मग एका एप्रिलमध्ये मीही त्यांच्यात जाऊन बसले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “काय गं, तिकडं एवढं स्वच्छ आहे म्हणतेस, आन् तिथंच शिंका?”

आईचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अ‍ॅलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीराला एखाद्या परागकणातलं प्रथिन पुन्हापुन्हा भेटावं लागतं, मग कधीतरी ते त्याला शत्रू ठरवतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तोच कण नाकात शिरला की ही प्रतिपिंडं ज्या पेशींवर चिकटून बसलेली असतात त्या हिस्टामिन ओततात, आणि पाणी, खाज, शिंका असं सगळं एकदम सुरू होतं. परदेशातून आलेल्या माणसांना इथल्या झाडांची अ‍ॅलर्जी काही वर्षांनी व्हायला लागते ती यामुळे. सोलापुरात बर्चचं झाडच नाही, म्हणून माझ्या शरीराला त्याच्याशी भांडायची संधीच मिळाली नव्हती.

बर्लिनमध्ये मात्र बर्च जिथं तिथं आहे. पडीक जमिनीवर सगळ्यात आधी उगवणाऱ्या झाडांपैकी हे एक. बर्लिनच्या श्योनेबर्ग भागात रेल्वेचं एक जुनं यार्ड १९५२ मध्ये बंद पडलं, कुणी फिरकलं नाही, आणि रुळांमधून बर्च आणि रोबिनियाचं जंगलच उभं राहिलं. आता तिथं निसर्ग-उद्यान आहे, गंजलेलं जुनं वाफेवरचं इंजिनही आहे, आणि पोरांना ती जागा अतिशय आवडते. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, बर्चच्या तुऱ्यांतून पिवळी भुकटी उडत असताना, मी नाकाला रुमाल लावून तिथं उभी. आमच्या किटात पोरांना रोज बाहेर न्यायचं म्हणजे न्यायचंच, पाऊस असो वा पराग. मी शिंकले की चिल्लीपिल्ली एका सुरात “गेझुंडहाइट!” म्हणजे ‘बरी राहा!’ असं ओरडतात. पहिल्या आठवड्यात गोड वाटतं.

त्वचेची चाचणी झाली. हातावर आतल्या बाजूनं वेगवेगळ्या परागांच्या अर्काचे थेंब ओळीनं टाकतात, प्रत्येकातून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगतात. शेजारी शुद्ध हिस्टामिनचा एक थेंब असतो, तुलनेसाठी. माझा बर्चचा फोड हिस्टामिनच्या फोडापेक्षा मोठा. हेझल या झाडाचाही थोडा, गवताचा किरकोळ.

आणि त्याच खुर्चीत आणखी एक कोडं सुटलं. कच्च्या गाजराची कोशिंबीर खाल्ली की माझ्या टाळूला आणि ओठांना खाज सुटायची. सफरचंदाचंही तेच. मी दोष द्यायचे इथल्या फवारणीला. डॉक्टर म्हणाले, बर्चमधल्या मुख्य प्रथिनासारखंच प्रथिन सफरचंद, गाजर, हेझलनट, चेरी यांत असतं, त्यामुळे शरीराची फसगत होते. ते प्रथिन उष्णतेनं मोडतं. म्हणून गाजर हलवा चालतो, कोशिंबीर चालत नाही. अ‍ॅलर्जीनं माझ्या बाजूनं दिलेला हा एकमेव निकाल.

औषधांचं म्हणाल तर सेटिरिझिन ही गोळी इथं चिठ्ठीशिवाय मिळते. काम करते, पण मला पेंग येते, आणि पोरं घसरगुंडीवर असताना पेंगणं परवडत नाही. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा जास्त कामाचा, पण तो पहिल्याच दिवशी पूर्ण गुण देत नाही. हंगामाच्या थोडं आधी सुरू करून रोज नेमानं घ्यावा लागतो. नेम हा शब्द माझ्या शब्दकोशात कच्चा आहे.

तेव्हा किटातली एक सहकारी म्हणाली, सुया टोचून बघ.

जर्मनीत हे दोन ठिकाणी करून मिळतं. एक, अ‍ॅक्युपंक्चरची वेगळी पात्रता मिळवलेल्या एमबीबीएससारख्या रीतसर डॉक्टरांकडे. दुसरं, हाइलप्राक्टिकरकडे, म्हणजे डॉक्टर नसलेले पण सरकारी परवाना असलेले उपचारक. मी पहिल्या प्रकारच्या एका वयस्कर बाईंकडे गेले. एका वेळेला पन्नासेक युरो, सगळे खिशातून. विमा कंपनी यातलं काही देत नाही, आणि का देत नाही ही गोष्ट पुढे येते.

सुया म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. केसाहून थोडी जाड, भरीव, पाकीट फोडून काढायची आणि वापरून टाकून द्यायची. हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात एक, कोपराच्या घडीच्या टोकाला एक, दोन भुवयांच्या मध्ये एक, आणि नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक. गुडघ्याखाली आणि मानेच्या मागेही कधीकधी. बाकीच्या कळतही नाहीत, पण नाकाशेजारची सुई आत गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. बेचक्यातल्या सुईला बाई जरा फिरवायच्या, आणि मग एक जड, बोथट कळ मनगटाकडे सरकायची. ती आली की त्या खूश. चिनी पद्धतीत ती कळ म्हणजे सुई बरोबर बसल्याची खूण मानतात. मग खोलीतला दिवा मंद करून त्या जायच्या आणि मी अर्धा तास नुसती पडून. बेचक्यातला बिंदू गरोदर बायकांना टोचत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी ते आधी विचारून घेतलं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती गर्वानं म्हणाली, “कोटणीसांच्या गावची तू, सुईला काय भितेस!”

सोलापूरकरांच्या डोक्यात चीन म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस येतातच. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. पण आईची गल्लत झाली. कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ मध्ये भारतातून जे पाच डॉक्टर चीनला गेले त्यांच्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. आघाडीवर जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करत करत कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. सुया भारतात आणल्या त्या याच पथकातल्या डॉ. बी. के. बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात उपचार सुरू केले. म्हणजे नातं आहे, फक्त एका सहकाऱ्यावरून गेलेलं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “तेच की!”

आता माझं नाक. पडल्या पडल्या नाक मोकळं व्हायचं, यात शंका नाही. उठून बसले की दोन्ही नाकपुड्यांनी श्वास, जणू कुणी खिडकी उघडली. रात्रीपर्यंत टिकायचं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. काही आठवडे गेल्यावर गोळीची आठवणही कमी यायला लागली. सहकारीण म्हणाली, बघ! आणि मीही सगळ्यांना सांगत सुटले, बघा!

माझ्या नवऱ्याला मात्र प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय. त्यानं हवामान खात्याचा परागांचा अंदाज उघडला. जर्मन हवामान खातं हेझल, आल्डर, अ‍ॅश, बर्च, गवत, राय, बाइफुस आणि अ‍ॅम्ब्रोझिया अशा आठ परागांचा रोजचा अंदाज देतं, शून्य ते तीन अशा पट्टीवर. नवऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की यंदा एप्रिलमध्ये पाऊस किती झाला ते बघ. पाऊस पडला की पराग हवेतून धुऊन जातात. शिवाय बर्च दरवर्षी सारखा फुलत नाही. बऱ्याच ठिकाणी एक वर्ष भरघोस, पुढचं वर्ष हलकं, असं चालतं. मागचं वर्ष भयंकर होतं, म्हणजे हे सुयांशिवायही बरं जायची शक्यता होतीच. त्यात मी यंदा फवाराही बऱ्यापैकी नेमानं घेतला होता, कारण पन्नास युरो मोजून आलेल्या माणसाला अचानक स्वतःच्या नाकाची काळजी वाटायला लागते.

राग आला, पण त्याचं बरोबर होतं. मोसमी अ‍ॅलर्जी हा दुखण्यांतला सगळ्यात फसवा प्रकार. ती स्वतःहून चढते, स्वतःहून उतरते, आणि माणूस उपचाराला नेमका ती शिखरावर असताना जातो. त्यानंतर काहीही केलं, अगदी पाटावर उलटं बसलं, तरी महिन्याभरात बरं वाटणारच, कारण बर्चचा बहरच संपलेला असतो. “मला गुण आला” हे वाक्य खोटं नसतं, फक्त त्यातून कशानं आला ते कळत नाही.

कळायचं असेल तर खूप माणसं लागतात, आणि ती याच शहरात कुणीतरी गोळा केली होती. शारिटे या बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातल्या संशोधकांच्या पुढाकारानं जर्मनीभर एक चाचणी झाली, तिचं नाव अ‍ॅक्युसार. निष्कर्ष २०१३ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापून आले. बर्च आणि गवत या दोन्हींची अ‍ॅलर्जी असलेले ४२२ लोक, आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट. पहिल्या गटाला खऱ्या सुया, आठ आठवड्यांत बारा वेळा. दुसऱ्याला खोट्या, म्हणजे सुया खऱ्याच पण वरवर टोचलेल्या आणि जिथं कुठलाच बिंदू मानत नाहीत अशा जागी. तिसऱ्याला सुया नाहीतच. गरज पडेल तेव्हा सेटिरिझिन घ्यायची मुभा तिन्ही गटांना.

मग मोजलं काय? एक, कुणी किती औषध घेतलं. दोन, एक २८ प्रश्नांची यादी: झोप लागली का, डोळे चोळावे लागले का, रुमाल जवळ ठेवावा लागला का, वगैरे. प्रत्येक उत्तराला शून्य ते सहा गुण, आणि सगळ्यांची सरासरी. ही यादी मी वाचली तेव्हा वाटलं, माझ्याच घरात बसून कुणीतरी लिहिली आहे.

निकाल असा. सातव्या-आठव्या आठवड्यात खऱ्या सुयांचा गट खोट्या सुयांच्या गटापेक्षा सरासरी अर्ध्या गुणानं बरा होता, आणि नुसत्या गोळीवाल्यांपेक्षा ०.७ गुणानं. गोळ्याही त्यांनी कमी घेतल्या. हा फरक योगायोगाचा नाही, हे आकडेवारीनं नक्की. पण सहा गुणांच्या पट्टीवर अर्धा गुण म्हणजे माणसाला जेमतेम जाणवेल इतकाच. संशोधकांनीही स्वतःहून लिहून टाकलं की हा फरक रुग्णाच्या दृष्टीनं महत्त्वाचा ठरेलच असं नाही. उपचार थांबवून आणखी आठ आठवडे गेल्यावर गटांमध्ये फरक उरला नव्हता. दुसऱ्या वर्षी पुन्हा थोडासा दिसला.

मला हा निबंध आवडला, कारण त्यात माझा अनुभव अगदी मापात बसला होता. नाक मोकळं होणं खरं, आणि ते माझ्या बोलण्यातून वाढलं होतं तितकं मोठं नाही, हेही खरं. एक गोष्ट मात्र अशा चाचण्यांत सुटतच नाही. गोळी देणाऱ्यापासून लपवता येते, सुई टोचणाऱ्यापासून लपवता येत नाही. खोटी टोचतोय हे डॉक्टरला माहीत असतं, आणि डॉक्टरचा चेहरा रुग्ण वाचतो. त्या अर्ध्या गुणातला थोडा भाग चेहऱ्याचा असू शकतो.

आता विम्याची गोष्ट. जर्मनीच्या सरकारी योजनेतल्या विमा कंपन्यांनी, ज्यांना इथं कासे म्हणतात, हजारो रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांना पैसे पुरवले होते. त्यातली एक मालिका गेराक नावाची. कंबरदुखीच्या चाचणीत खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना गुण आला, खोट्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामानं फक्त २७.४ टक्क्यांना. गुडघ्याच्या झिजेतही असंच: खऱ्या ५३.१, खोट्या ५१, नेहमीचे उपचार २९.१. म्हणजे सुई कुठं टोचली यानं फारसा फरक पडला नाही, पण टोचल्यानं पडला! त्यावर बरीच डोकेफोड झाली आणि २००७ पासून कासे जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देऊ लागल्या. नाकाला नाही. जिथं खरी आणि खोटी सुई जवळपास सारखी निघाली तिथं पैसे मिळतात, आणि जिथं खरी सुई खोटीपेक्षा, लहानसा का होईना, पण नक्की बरी निघाली, तिथं माझ्या खिशातून. कासेच्या बाजूनं बघितलं तर यातही तर्क आहे: कंबर-गुडघ्याच्या रुग्णाला दुसरं फारसं चांगलं काही देता येत नाही, नाकाला फवारा आहे, गोळी आहे, आणि दोन्ही स्वस्त. तरी मला हसू येतं.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ च्या आपल्या सूचनांमध्ये याला ‘पर्याय’ म्हटलंय: ज्या रुग्णाला औषधाशिवाय काही हवं असेल त्याला अ‍ॅक्युपंक्चर सुचवायला हरकत नाही. त्याहून जोर दिलेला नाही, आणि मला तो जोर बरोबर वाटतो. वनौषधींच्या बाबतीत तर त्याच सूचनांनी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही.

पुण्यातली माझी एक मैत्रीण गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीनं बेजार आहे, ती विचारत होती की तिनं करावं का. वर सांगितलेली चाचणी बर्चची आणि गवताची, गाजर गवताची नाही. ते गवत नावालाच गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि नाकाबरोबर कातडीलाही छळतं. तिला मी म्हटलं, आधी त्वचेच्या तज्ज्ञाला दाखव. आणि गेलीसच सुयांकडे, तर पाकीट तुझ्यासमोर फोडतात का बघ, नोंदणी आहे का विचार (महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा विचारायला लाजू नकोस), आणि दम्याचा पंप असेल तर कुणी सांगितलं म्हणून तो बंद करू नकोस. “सगळी औषधं सोडा, मग सुया काम करतील” असं म्हणणारा दिसला की चपला घालायच्या. माझ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की फवारा चालू ठेवायचा. त्या एका वाक्यानं माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मी पुढं काय करणार? शरद ऋतूत इम्युनोथेरपी सुरू करायचं ठरवलंय. बर्चचंच प्रथिन थोडंथोडं देऊन शरीराला सवय लावायची, साधारण तीन वर्षं. कंटाळवाणं आहे, पण अ‍ॅलर्जीच्या मुळाशी जाणारा उपचार हाच, आणि कासे पैसे देते. जानेवारीत हेझल सुरू व्हायच्या आत फवारा. आणि एप्रिलचे ते तीन-चार वाईट आठवडे बाईंकडे जाऊन पडायचं, असंही ठरवलंय. अर्ध्या गुणासाठी पन्नास युरो महाग आहेत हे मला कळतं. पण त्या अर्ध्या तासात फोन बंद, पोरं नाहीत, आणि चेहऱ्यावर सुया असल्यामुळे कुणाशी बोलताही येत नाही. याचे पैसे मी वेगळे धरते. नवरा म्हणतो, मग बाथरूमची कडी लावून बस, फुकट आहे. आमच्याकडे एकच बाथरूम आहे हे तो विसरतो.

परवा आईला गुडघ्याचं सांगितलं. तिचे गुडघे जिना चढताना करकरतात, आणि माझ्या मनात होतं की सोलापुरात कुणी नीट शिकलेलं माणूस बघून तिनं एकदा करून बघावं. आकडेही सांगितले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तिकडं नाकाला पैसे पडतात आन् गुडघ्याला फुकट? मग मलाच बोलवून घे की तिकडं.”

पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आईला कासे काहीच देत नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही. तिनं बॅग काढली आहे, असं भाऊ म्हणत होता.